मक्याचा दाणा

जिवती,
७ जानेवारी २०२५

प्रफुल,

सोबतच्या डब्यात रक्ताच्या दोन नळ्या आहेत. बर्फ पुरेसा भरला आहे. बस वेळेवर पोचली तर दुपारी दोनपर्यंत तुझ्या लॅबमध्ये डबा आठ अंशांच्या आत पोचेल. दोन्हींचं इलेक्ट्रोफोरेसिस करून हवं आहे. सिकलसेल आहे की नाही, एवढंच. निकालाची चिठ्ठी डब्यात घालून कंडक्टर हरिदासभाऊंकडे परत दे. ते एक दिवसाआड याच फेरीवर असतात.

पत्र लिहिते आहे कारण फोन करू नकोस असं तू सांगितलं होतंस. आपल्या साखरपुड्याची तारीख निघाली होती आणि मी नाही म्हणाले, त्यानंतरच्या जवळजवळ वर्षभरात मी तो नियम मोडलेला नाही.

पहिली नळी वरच्या गुड्यावरच्या, टेकडीवरच्या वस्तीतल्या, एका एकोणीस वर्षांच्या मुलीची आहे. दुसरी तुलनेसाठी.

आमच्या संस्थेच्या कागदांवर याची नोंद होणार नाही. चंद्रपुरात इतर लॅब आहेत हे मला माहीत आहे. तू निकाल चार लोकांत बोलत नाहीस, म्हणून तुझ्याकडे पाठवलं.

माझ्या तपासणीच्या चिपमध्ये काही दोष आहे असा याचा अर्थ नाही. ही फक्त खात्री.

दिव्यानी


जिवती,
९ जानेवारी

प्रफुल,

चिठ्ठी मिळाली. दोन्ही नॉर्मल. खाली पेनने तू लिहिलं आहेस : 'दुसऱ्या नळीवर वय लिहिलेलं नाही.' बरोबर आहे. लिहिलेलं नाही.

पहिल्या नळीबद्दल सांगायला हवं. मुलीचं नाव माधवी. वडील लटारूभाऊ, आई बायनाबाई. उतारावर कापूस आणि तूर. आई-वडिलांची तपासणी मी ऑक्टोबरमध्ये केली, दोघांनाही पांढरी कार्डं दिली, म्हणजे जनुकात बदल नाही. माधवीचं रक्त २८ डिसेंबरला सकाळी घेतलं. चिपने पिवळं दाखवलं, म्हणजे आजार नाही, पण एक बदललेला जनुक अंगात आहे. तिचं ज्याच्याशी जुळलं होतं तो राजुऱ्याकडचा मुलगाही पिवळा, आणि दोघंही पिवळे असले की लेकराला आजार होऊ शकतो. दोन दिवसांत लग्न मोडलं. इथपर्यंत मला काही वावगं वाटलं नाही. त्यासाठीच तर कार्डं आहेत.

पण त्याआधी, दिवाळीनंतर, मी गुड्यावर सभा घेतली होती. आशाताई आहेत ना, इंदुताई, त्यांनी ज्वारी आणि मक्याचे दाणे आणले होते. प्रत्येक माणसाच्या मुठीत दोन दाणे. ज्वारीचा दाणा चांगला, मक्याचा बदललेला. आईच्या मुठीतून एक, बापाच्या मुठीतून एक, असे लेकराच्या हाती दोन येतात. मी माणसं उभी करून दाणे वाटून दाखवले. शेवटी म्हणाले, 'जो दाणा माय-बापाच्या मुठीत नाही, तो लेकराच्या हाती येऊच शकत नाही.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं स्पष्ट मी कधी शिकवलं नव्हतं.

१ जानेवारीला इंदुताई माझ्या खोलीच्या दारात उभ्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, तुमचा दाना त्या बायनाबाईच्या गळ्यात अटकला ना."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. माय पांढरी, बाप पांढरा, पोरगी पिवळी. चहाच्या टपरीवर पोरं विचारतात, "लटारूभाऊ, मका कोनाच्या वावरातला?" लटारूभाऊ बायकोशी बोलत नाहीत. मारलं नाही, हे इंदुताई दोनदा म्हणाल्या. तिची झोपायची जागा मागच्या कडब्याच्या खोलीत केली आहे. ताट वेगळं. बोअरिंगवर पाणी भरायला तिला जाऊ देत नाहीत, सासू भरते. १९ तारखेला, रविवारी, पंच बसणार आहेत. तिला कायमचं माहेरी पाठवायचं ठरल्यासारखंच आहे. त्यानंतर माधवीला कुणाची म्हणायचं, हा पुढचा प्रश्न.

त्यांचा तर्क मी तपासला. तर्कात चूक नाही. तो मीच शिकवला आहे.

तुझ्या चिठ्ठीप्रमाणे माधवीच्या मुठीत मक्याचा दाणा नाहीच. मग तो कुठून आला, ते मला शोधायचं आहे.

दिव्यानी


जिवती,
१४ जानेवारी

प्रफुल,

सापडलं.

तू चिप कधी पाहिली नाहीस. मी दाखवणार होते. काडेपेटीएवढी पारदर्शक पट्टी असते, तिच्यात केसासारख्या बारीक आठ वाटा. एका वाटेत एका माणसाचा थेंब. खाली तांब्याच्या तीन पट्ट्या, पंच्याण्णव अंश, साठ, बहात्तर. वाट नागमोडी आहे, त्यामुळे थेंब पस्तीस वेळा या तिन्हींवरून जातो आणि प्रत्येक फेरीत आपल्याला हवा तो डीएनएचा तुकडा दुप्पट होतो. वाटेला फाटा नाही. थेंबाला थांबता येत नाही, मागे येता येत नाही. मला हे पूर्वी आवडायचं.

सगळं त्या साठवर अवलंबून आहे. साठ अंशांवर आमचं रसायन फक्त बदललेल्या जनुकाला चिकटतं. छप्पन्नवर ते चांगल्यालाही चिकटतं, आणि दिवा पिवळा लागतो.

तापमान मोजणारा तुकडा तांब्याच्या खाली आहे, थेंबाजवळ नाही. दोन्हींत फरक पडतो, म्हणून किती अंश वाढवायचे ते गणित मी घातलं. ते नागपूरच्या एसी खोलीत, बाहेर चोवीस अंश असताना केलं. इथे आम्ही समाजमंदिराच्या उघड्या ओट्यावर मशीन लावतो, सकाळी सात वाजता, कारण नंतर माणसं वावरात जातात. ऑक्टोबरमध्ये काही बिघडलं नाही. डिसेंबर-जानेवारीत टेकडीवर आठ-नऊ अंश असतात.

परवा पहाटे खिडकी उघडून, चिपच्या वाटेत तापमान मोजणारी बारीक तार चिकटवून बसले. मधल्या वाटेत ५९.६. कडेच्या पहिल्या आणि आठव्या वाटेत ५६.१. पडद्यावर सगळा वेळ ६०.

तू विचारशील, ओळखीचं रक्त टाकून रोज पडताळणी करत नव्हतीस का? करत होते. ते नेहमी चौथ्या आणि पाचव्या वाटेत टाकायचं, असा नियम होता. नियम मी लिहिला. मधोमध नीट दिसतं म्हणून.

दोन हिवाळ्यांत थंड सकाळी कडेच्या वाटांत गेलेली माणसं सेहेचाळीस. त्यांतली पिवळी एकोणतीस. बाकी वाटांत नवांतला एक पिवळा निघतो. हे आकडे वर्षभर माझ्याच वहीत होते. मी ते गावांप्रमाणे लावत होते, वाटांप्रमाणे कधी लावले नाहीत. पिवळ्या कार्डांची दुसरीकडे खात्री करायची, असंही आमच्या कागदावर आहे. 'दुसऱ्या टप्प्यात', असं त्याच्यापुढे कंसात आहे.

कुलदीप सरांना फोन केला. प्रकल्प त्यांचा आहे, ते नागपूरला असतात. त्यांनी सगळं ऐकलं. शांतपणे म्हणाले, "बापाचं कार्ड बदलून टाक ना. ऑक्टोबरचा निकाल चुकला म्हणायचं. बापच पिवळा निघाला की बाईवरचा आळ संपला."

मी म्हणाले, मग मुलगी पिवळीच राहील. तिचं मोडलेलं लग्न मोडलेलंच राहील. आणि उरलेले लोक?

"मुलीचं दुसरीकडे जुळेल. एकतीस तारखेला प्रकल्प तपासायला समिती बसते आहे, दिव्यानी. एका कार्डाने बाई सुटते, चिप सुटते, तूही सुटतेस."

मग त्यांनी आठवण करून दिली की करार दोन वर्षांचा आहे, त्यातले आठ महिने बाकी आहेत, आणि माझी मूळ प्रमाणपत्रं, दहावीपासूनची, त्यांच्या कपाटात आहेत. आठवण करून देण्याची गरज नव्हती. 'मशीनमध्ये कोणताही फरक आढळला नाही' असा कागद सहीसाठी आला आहे. रविवारी दुपारी जीप येईल आणि मशीन 'सर्व्हिसिंगला' घेऊन जाईल.

लटारूभाऊंच्या नावाचं पिवळं कार्ड मी आज छापलं. तुला खोटं सांगत नाही. टेबलाच्या खणात आहे. अक्षरं स्वच्छ उमटली आहेत.

आज संक्रांत. इंदुताई तिळगूळ देऊन गेल्या. गोड बोला म्हणाल्या नाहीत.

दिव्यानी


जिवती,
१७ जानेवारी

प्रफुल,

मागचं पत्र नेलेला डबा तू आज परत पाठवलास, त्यात काहीच नव्हतं. मी काही विचारलंही नव्हतं, त्यामुळे ठीकच आहे.

दुसरी नळी माझी आहे. ते तुला वय न लिहिल्यावरच कळलं असेल.

गेल्या वर्षीच्या २२ जानेवारीची माझी नोंद आज पुन्हा काढली. माझंच अक्षर आहे : वाट आठवी, बाहेरचं तापमान नऊ. निकाल पिवळा. तू शाळेतल्या तपासणीपासून पिवळा, मी पिवळी, प्रत्येक गरोदरपणात चारांत एक धोका. मी तुला तो हिशेब एका पानावर करून दिला आणि साखरपुडा मोडला. तुझी आई पाहुण्यांना अभिमानाने सांगायची, "आपल्यात पत्रिका नाई पाहात, बाबासाहेबानं सोडवलं त्याच्यातून. आपन कार्ड पाह्यतो." त्यांनी तो कागद वाचला आणि मला एकही वाकडा शब्द बोलल्या नाहीत. उलट चहा दिला.

तू दारापर्यंत आलास आणि म्हणालास, "दुसऱ्या मशीनवर पाहून घे न एकदा. माह्या लॅबमधेच करू." मी म्हणाले, "मशीन माझी आहे."

तुला वाटलं असेल, हा मशीनचा अभिमान. तो होता. पण एक गोष्ट मी तेव्हा सांगितली नाही. बाबांचं कार्ड पांढरं आहे. म्हणजे माझा दाणा आईकडून आला असणार. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिची तपासणी झालेली नव्हती. तिचा एक फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात ती तिसऱ्या रांगेत अर्धी दिसते. आवाज आठवत नाही. नाक-डोळे सगळे बाबांचे आहेत, हे सगळेच सांगतात. त्या सकाळी ओट्यावर पिवळा दिवा लागला तेव्हा मला भीती वाटली नाही. वाटलं, हे तिचं आहे. माझ्या अंगात तिचं काहीतरी आहे आणि ते मोजता येतं.

म्हणून मी दुसऱ्या मशीनवर पाहिलं नाही. तुझ्या दोन शब्दांच्या चिठ्ठीने तेही गेलं.

हे लिहून तुझ्याकडून काही मागत नाही. तुझं दुसरीकडे कुठे जुळलं आहे का ते मला माहीत नाही आणि हरिदासभाऊंना मी विचारलेलं नाही.

परवा रविवार. खणात कार्ड आहे, बॅगेत मशीन आहे. खोलीतून बाहेर पडले की बसस्टँड, आणि बस नागपूरच्याच दिशेला जाते. वर गुड्याकडे गाडी नाही, पायवाट आहे. मी दिवसभर दोन्ही वाटा मोजते आहे.

दिव्यानी


जिवती,
२० जानेवारी

प्रफुल,

काल जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी पावणेसातला ओट्यावर पोचले. बाहेर आठ अंश. पंच सतरंजीवर होते. त्यांच्यातले सर्वांत मोठे नानाजी, कानाला मफलर. बायनाबाई सतरंजीवर नव्हती. खालच्या पायरीवर, खांबाला पाठ लावून बसली होती. माधवी भिंतीशी उभी.

मी बॅग खाली ठेवायच्या आतच लटारूभाऊ उठून आले. कुलदीप सरांनी इंदुताईंना फोन करून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

"मॅडम, माहं कार्ड बदलनार हाये म्हने?"

मी बॅग ठेवून कार्ड बाहेर काढलं.

"आना मंग. मले द्या ते पिवळं." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, प्रसादाला करतात तसे. "मी घेतो ना. मले काई नाई होत. माह्या मुठीतला हाये म्हना, संपलं."

कार्ड माझ्या हातात होतं. त्या माणसाला ते खरोखर हवं होतं, प्रफुल. त्याला त्याची बायको परत हवी होती आणि मला मागे न लागणारा एक रविवार. देणं अगदी सोपं होतं. माधवी माझ्याकडे पाहत नव्हती, कार्डाकडे पाहत होती. बापाचं पिवळं झालं की आपलं कायमचं पिवळं, हे तिला कळत होतं. सभेत पहिलं उत्तर तिनेच दिलं होतं.

मी कार्ड बॅगेत परत ठेवलं आणि म्हणाले, "लटारूभाऊ, बोट द्या."

त्यांच्या बोटाचे दोन थेंब घेतले. एक पहिल्या वाटेत, एक चौथ्या वाटेत. नानाजींना म्हणाले, दोन्ही थेंब यांचेच, तुमच्या डोळ्यांदेखत घेतले. पन्नास मिनिटं लागतील.

पन्नास मिनिटं कोणी उठलं नाही. चहा आला. बायनाबाईला कप दिला गेला नाही, मग इंदुताईंनी आपला तिच्यापुढे ठेवला. तिने तो घेतला नाही. कोणीतरी म्हणालं, "एका मानसाचे दोन थेंब, दोन वाटा. पोचून कुठी राह्यले?" दुसरा म्हणाला, "राजुऱ्याले."

मग दिवे लागले. चौथ्या वाटेत पांढरा. पहिल्या वाटेत पिवळा.

"म्हंजे अर्धा लटारू मक्याचा!" मागून एक पोरगा ओरडला. हसू फुटलं आणि लगेच थांबलं, कारण नानाजी हसले नव्हते.

"बाई, खरा कोनता?"

"पांढरा. हे मशीन थंडीत कडेच्या वाटांना चुकतं. मशीन मी बनवलं आहे. चूक माझी आहे. माधवीचा थेंबही कडेच्या वाटेत होता." मी माधवीकडे पाहिलं. तिने मान हलवली तेव्हाच तुझी चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली.

"मंग आमाले दाने काऊन शिकवले?"

"दाणे बरोबर आहेत, नानाजी. दाणा ओळखणारं मशीन चुकलं."

त्यांनी वाकून चिप पाहिली. "थंडीनं," ते म्हणाले. "आमच्या इंजिनाचंबी तसंच हाये. हिवाळ्यात लवकर लागत नाई." पंचांपैकी एकाने सतरंजीची कड गोळा करायला सुरुवात केली. एवढ्यावर ते संपत होतं.

लटारूभाऊ पायरीपाशी गेले. अठरा दिवसांनी ते तिच्याशी बोलले. "चाल घरी."

ती उठली नाही. त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"बाई, तुमची मशीन थंडीनं चुकली. ह्याईले कायची थंडी वाजत होती?"

मी आभाराची अपेक्षा केली नव्हती असं लिहिणार होते, पण थोडी केली होती.

मग ती स्वतः उठली आणि घराकडे न जाता बोअरिंगकडे गेली. दांडा दोन-चारदा मारला, ओंजळ धरली, पाणी प्यायली. तोंड धुतलं. पुन्हा दांडा मारला. कितीतरी वेळ ती नुसतं पाणी काढत होती. त्यानंतर ती घरी गेली की माहेरी, ते मी पाहिलं नाही. माझी खाली उतरायची वेळ झाली होती. इंदुताई आज म्हणाल्या, घरीच आहे, पण कडब्याच्या खोलीत आता लटारूभाऊ झोपतात.

दुपारी जीप आली. मशीन दिलं. तारेने मोजलेले आकडे आणि सेहेचाळीस नावांची यादी गडचांदूरला जाऊन, नेटची रेंज मिळताच, समितीला पाठवली. कागदावर सही केली नाही. कुलदीप सरांचं एका ओळीचं उत्तर आलं : 'प्रमाणपत्रं कपाटात सुरक्षित आहेत.' करार आठ महिन्यांचा उरला आहे आणि मोडायचा कसा ते त्यात लिहिलेलं नाही. खोलीचं भाडं संस्था भरते, तेही थांबेल. म्हणजे मी अजून त्याच वाटेत आहे. फक्त तापमान किती आहे ते आता मला माहीत आहे.

लटारूभाऊंचं पिवळं कार्ड मी चुलीत घातलं. माधवीला पांढरं लिहून दिलं, हाताने, खाली तुझ्या लॅबच्या निकालाचा क्रमांक घालून. राजुऱ्याला निरोप इंदुताई नेणार आहेत. तिकडची माणसं परत येतील की नाही ते सांगता येत नाही. माधवी म्हणाली, "आले तं मीच पाह्यतो त्याईले घ्याचं का नाई."

एकोणतीस पिवळ्यांतून माधवी आणि मी वजा जाता सत्तावीस. इंदुताई आणि मी उद्यापासून घरोघर जाऊन कार्डं परत मागणार आणि नवीन रक्त घेणार. त्यांतले काही खरोखर पिवळे असतील, ते तसं स्पष्ट सांगूनच रक्त घेऊ. सत्तावीस नळ्या तुझ्या लॅबला एकदम झेपतील का, हे तू हरिदासभाऊंबरोबर कळव. नाही म्हणालास तर मी दुसरीकडे नेईन.

हो म्हणालास, तर डबा त्यांच्याकडे देणार नाही. पुढच्या मंगळवारच्या बसने मी घेऊन येईन. तू काउंटरवर नसलास तरी चालेल, नळ्या उतरवून घेणारं कोणीतरी असू दे. बायनाबाईने जे विचारलं ते मी वहीत उतरवून घेतलं आहे. तो प्रश्न फक्त त्या ओट्यावरच्यांना नव्हता, मलाही होता. माझ्याकडचं उत्तर पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझ्या रजिस्टरमध्ये एक रकाना रिकामा राहिला असेल, तो भरून घे. दुसरी नळी, वय अठ्ठावीस.

दिव्यानी